सूचीकार आणि सूचक

'भूमिका' हा शब्द मराठीत एकाच वेळी अनेक ठिकाणी राबतो. नटाची भूमिका असते, टीकाकाराची भूमिका असते, ग्रंथाच्या आरंभी छापलेल्या निवेदनालाही भूमिका म्हणतात, आणि वादाच्या प्रसंगी माणूस 'भूमिका घेतो'. घेतलेली भूमिका आणि वठवलेली भूमिका यांत किती अंतर आहे हे वाङ्मयाच्या अभ्यासकांना सांगावयास नको. पहिली आपण पत्करलेली असते, दुसरी कोणीतरी वाटून दिलेली. गेली सहासात वर्षे मी ज्या एका सामूहिक कामात गुंतलो आहे, त्यात या शब्दाचा आणखी एक अर्थ माझ्या वाट्याला आला. संगणकाच्या पडद्यावर सदस्यांची एक यादी आहे. तीत प्रत्येकाच्या नावापुढे 'भूमिका' नावाचा रकाना आहे आणि माझ्या नावापुढे 'सूचीकार' असे लिहिलेले आहे. याच यादीत एका वयोवृद्ध गृहस्थांच्या नावापुढे दीड वर्ष 'सूचक' असे लिहिलेले होते. सूचीकार आणि सूचक यांच्यात त्या दीड वर्षात जे घडले ते सांगावे, म्हणून हा लेख.

काम थोडक्यात असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काही मराठी मासिकांची वर्णनात्मक सूची करावी, असे आम्ही काही अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी ठरवले. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची जवळजवळ एकहाती उभी केली, हा आदर्श डोळ्यांपुढे होता. पण आमच्यापैकी कोणाचीही शक्ती त्यांच्या शतांशाइतकी नव्हती, म्हणून आठ-नऊ जणांनी मिळून करावयाचे. आरंभी वह्या होत्या. मग संगणकावरचे तक्ते आले आणि ते ई-पत्राने एकमेकांकडे फिरू लागले. 'अंतिम', 'अंतिम २' आणि 'खरोखर अंतिम' अशा तीन नावांचे तीन तक्ते तीन घरी नांदू लागले, तेव्हा आमचा एक माजी विद्यार्थी मदतीला धावून आला. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. त्याने 'रेडमाइन' नावाची प्रणाली आम्हाला बसवून दिली. २००६ साली जाँ-फिलिप लांग यांनी ती प्रथम प्रसिद्ध केली. ती फुकट मिळते, तिची संहिता कोणालाही पाहता येते, आणि मुळात ती संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्या गटांनी आपापसांत काम वाटून घ्यावे, चुका नोंदवाव्यात, कोणती चूक कोणी दुरुस्त केली याचा माग ठेवावा यासाठी आहे. आमच्या कामाला ती बरी जुळली. मासिकातला एकेक लेख ही एकेक बाब. ती कोणाकडे सोपवली, कोणी तपासली, कोणी शंका काढली, हे सारे तारीखवार नोंदले जाते.

पहिल्या बैठकीत त्या माजी विद्यार्थ्याने भिंतीवर एक तक्ता दाखवला. डावीकडे वरून खाली मुभांची यादी: बाब पाहणे, नवी बाब घालणे, बाब बदलणे, टिपण जोडणे, स्वतःचे टिपण बदलणे, इतरांचे टिपण बदलणे, खाजगी टिपणे पाहणे, टिपण खाजगी करणे, बाब काढून टाकणे, आणि अशा आणखी कितीतरी. वरच्या बाजूला आडव्या ओळीत भूमिका. जिथे ओळ आणि स्तंभ मिळतात तिथे एक चौकोन. त्यात खूण असली तर मुभा, नसली तर नाही. मला तो तक्ता पाहताक्षणी आवडला, हे सांगायला संकोच वाटत नाही. माणसे एकमेकांवर किती विश्वास ठेवतात याचे इतके निःसंदिग्ध लेखन मी पूर्वी पाहिले नव्हते. आपल्या महाविद्यालयांतून, संपादक मंडळांतून, साहित्यसंस्थांतून हाच तक्ता असतो. फक्त तो कोणी लिहून काढलेला नसतो आणि नव्या माणसाला तो ठेचा खाऊनच पाठ होतो.

त्यात दोन भूमिका अशा होत्या की त्या काढून टाकता येत नाहीत. एक 'सदस्य नसलेला' आणि दुसरी 'अनामिक'. बाकीच्या भूमिका तुम्ही निर्माण करा, मोडा, त्यांची नावे बदला. पण जो आत नाही आणि ज्याचे नाव माहीत नाही, त्या दोघांना काय दिसावे याचा निर्णय प्रत्येक गटाला करावाच लागतो. काहीही दिसू नये, असा निर्णय झाला तरी तो निर्णयच.

या तक्त्यामागे विचारांची एक परंपरा आहे, आणि ती वाङ्मयाच्या माणसाला वाटते तितकी रूक्ष नाही. १९७५ साली जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणाविषयी एक दीर्घ निबंध लिहिला. ज्याला जे काम करावयाचे आहे त्याला तेवढ्यापुरतीच मुभा असावी, आणि स्पष्टपणे दिलेली नसेल ती मुभा नाहीच असे समजावे, ही दोन तत्त्वे त्यात आहेत. पुढे १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी भूमिकेची कल्पना काटेकोरपणे मांडली. मुभा माणसाला देऊ नका, भूमिकेला द्या. माणसाला भूमिका द्या. रुग्णालयात परिचारिका बदलल्या तरी परिचारिकेची मुभा बदलत नाही. हे सोयीचे आहे यात शंका नाही. माणूस आला की त्याला एक अंगरखा चढवायचा, गेला की उतरवून घ्यायचा. प्रत्येकासाठी नवे माप घेत बसावे लागत नाही.

इंग्रजीतला 'रोल' हा शब्द फ्रेंचमधून आला, आणि त्याचा मूळ अर्थ गुंडाळी. नटाचे संवाद ज्या कागदाच्या गुंडाळीवर लिहून दिलेले असत ती गुंडाळी. आपल्याकडे संगीत नाटक मंडळ्यांत यालाच 'नक्कल' म्हणत. नटाने आपली नक्कल पाठ करावयाची. नकलेत आपली भाषणे आणि दुसऱ्याचे शेवटचे दोन-चार शब्द, म्हणजे आपण कोठे बोलायचे तेवढे कळावे. अख्खे नाटक नकलेत नसते. ज्याला जेवढे लागते तेवढेच द्यावे, हे १९७५च्या निबंधातले तत्त्व नाटक मंडळीच्या लेखनिकाला कागदाची आणि शाईची बचत म्हणून आधीच ठाऊक होते. मात्र तालमीत सारे नट एकत्र बसत आणि अख्खे नाटक सर्वांच्या कानांवरून जाई, हेही विसरता कामा नये.

आम्ही तीन भूमिका केल्या. व्यवस्थापकाला आम्ही 'समन्वयक' म्हटले. प्रत्यक्ष नोंदी करणारे आणि बदलणारे ते 'सूचीकार'. आणि प्रणालीत ज्याला 'रिपोर्टर' म्हणतात, म्हणजे जो चूक दाखवतो पण दुरुस्त करत नाही, त्याचे काय करावे हा प्रश्न पडला. 'वार्ताहर' म्हणणे हास्यास्पद झाले असते. 'तक्रारदार' हा शब्द कोणीतरी सुचवला, तो पोलीस चौकीतला म्हणून सुटला. शेवटी 'सूचक' ठरले. सूची, सूचीकार, सूचक असा अनुप्रासही साधला आणि सर्वांना बरे वाटले. शब्द गोड असला की त्याखालच्या रिकाम्या चौकोनांकडे लक्ष जात नाही.

सूचक एकच होते. त्यांना आम्ही काका म्हणतो. चौतीस वर्षे एका छापखान्यात त्यांनी मुद्रितशोधनाचे काम केले, त्यातली पहिली कितीतरी खिळ्यांच्या जमान्यात. शिक्षण जुनी मॅट्रिक. त्यांच्या डोळ्यांची तयारी काय होती याचे एकच उदाहरण देतो. जुन्या टायपात 'ख' हे अक्षर 'र' आणि 'व' जवळजवळ ठेवल्यासारखे दिसे, हे पुष्कळांना ठाऊक असते. काका पानाकडे पाहून सांगत की हा 'ख' नाही, 'रव'च आहे, कारण याच पानावर चार ओळी खाली खरा 'ख' आहे आणि त्याची शेपटी निराळी आहे. दोन नावांचे लेखक एक आहेत की दोन, हा आमचा तीन महिने चाललेला वाद त्यांनी असा एका दुपारी मिटवला.

दुसरे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे, कारण त्यात सूचीचा कणा गुंतलेला आहे. जुन्या मासिकांवर पुष्कळदा शक आणि महिना छापलेला असतो. आमचे विद्यार्थी शकात अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन लिहीत. 'पौष, शके १८१०' या अंकापुढे त्यांनी १८८८ लिहिले. काकांनी टिपण जोडले: पौष शके १८१० म्हणजे जानेवारी १८८९, पौषापासून पुढे अठ्ठ्याहत्तरावर भागत नाही, पंचांग पाहावे. त्यांचे बरोबर होते. त्या वर्षीचा पौष सबंधच्या सबंध जानेवारीत पडतो. एका वर्षाचा फरक क्षुल्लक वाटेल, पण अमुक लेख आधी या मासिकात आला की त्या मासिकात, कोणी कोणावरून घेतला, कोणाच्या लेखाला कोणी उत्तर दिले, असे प्रश्न अशाच एका वर्षावर उभे असतात. पौष, माघ आणि फाल्गुन या तीन महिन्यांच्या सगळ्या नोंदी मग पुन्हा तपासाव्या लागल्या.

तपासावयाच्या कोणी? सूचीकारांनी. काकांना टिपण जोडण्याची मुभा होती, बाब बदलण्याची नव्हती. त्यांनी चूक दाखवायची, ती 'नवीन' या अवस्थेत पडून राहायची, मग सूचीकारांपैकी कोणी ती पाहून 'तपासणीत' न्यायची, दुरुस्त करायची आणि 'बंद' करायची. एका टप्प्यावर अशा एकशे चाळीस शंका साचल्या होत्या. विद्यार्थ्यांच्या परीक्षा होत्या, आम्हा अध्यापकांना मूल्यांकनाचे कागद रंगवायचे होते, आणि एकशे चाळीस ठिकाणी काय चुकले आहे हे ज्याला ठाऊक होते त्या माणसासमोर तो रकाना राखी रंगात निर्जीव दिसत होता.

काकांना सूचक का केले, याची कारणे दुष्टपणाची नव्हती, आणि ती बैठकीत सर्वांसमोर सांगितली गेली होती. ते संगणकावर नवे होते, चुकून काही पुसले जाईल ही भीती. आणि ज्या संस्थेने थोडे अर्थसाहाय्य दिले होते तिच्या अर्जात सूचीकारांची 'शैक्षणिक अर्हता' लिहावयाची होती. किमान पदव्युत्तर पदवी. म्हणजे अर्जातली भूमिका पडद्यावर उतरली. पहिल्या कारणाविषयी मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते की ते पोकळ होते. बदलण्याची मुभा आणि काढून टाकण्याची मुभा हे त्या तक्त्यात दोन निराळे चौकोन आहेत. एकात खूण करून दुसरा रिकामा ठेवता येतो. यंत्राने आम्हाला जेवढा बारकावा दिला होता तेवढा आम्हाला नको होता. आम्हाला माणसाची एक ठोक प्रत हवी होती.

येथे 'अधिकार' या शब्दाशी थांबावे लागते. मराठीत हा शब्द पदाची सत्ता दाखवतो, हक्क दाखवतो, आणि तिसरे म्हणजे योग्यता दाखवतो. एखाद्याचा व्याकरणातला अधिकार मोठा आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या हाती कोणतेही पद असण्याची गरज नसते. शास्त्रग्रंथांच्या आरंभी जे चार अनुबंध सांगत त्यांत विषय, संबंध, प्रयोजन यांच्या जोडीला अधिकारी येतो: हा ग्रंथ कोणी वाचावा. वरवर पाहता हा योग्यतेचा प्रश्न. पण ब्रह्मसूत्रांतल्या अपशूद्राधिकरणात योग्यतेचा प्रश्न जन्मावर जाऊन ठेपतो आणि एका मोठ्या समाजाच्या चौकोनातली पाहण्याची खूणच पुसली जाते. ज्ञानेश्वरांना हे खटकले होते. अठराव्या अध्यायात ते वेदाला संपन्न पण कृपण म्हणतात, तीन वर्णांच्याच कानाला लागला म्हणून, आणि गीतेच्या रूपाने तो उणेपणा भरून निघाला अशी त्यांची मांडणी आहे. आमच्या अर्जातली पदव्युत्तर अट आणि अपशूद्राधिकरण यांना मी एका पंक्तीला बसवत नाही. तसे करणे हा त्या अन्यायाचाच अपमान होईल. पण तिसऱ्या अर्थाचा अधिकार ज्याच्याकडे सर्वांत अधिक, त्याच्याकडे पहिल्या अर्थाचा मुळीच नाही, आणि दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे कोणाला काही विसंगत वाटत नाही, ही गोष्ट आपल्या भाषेच्या सवयीची आहे एवढे म्हणतो.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण आमच्या माजी विद्यार्थ्याचे. तो प्रणालीचा प्रशासक आहे. प्रशासक ही भूमिका नव्हेच; तो सगळ्या भूमिकांच्या बाहेर आणि वर असतो. त्याला सर्व दिसते, सर्व करता येते. मासिकांत त्याला रस नाही, हे तोच हसत सांगतो. आमचे सारे पाठभेद एका कळीने नाहीसे करण्याची मुभा त्याच्याकडे आहे. त्याने ती कधी वापरली नाही आणि वापरणारही नाही. पण आमच्या सूचीचे अस्तित्व अखेर एका सज्जन माणसाच्या अनास्थेवर अवलंबून आहे, हे मनात आल्यावाचून राहत नाही. सभासद बखरीत गडाच्या व्यवस्थेचे वर्णन आहे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एकाच प्रतीचे, तिघांनी मिळून कारभार करावयाचा, म्हणजे एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये. सॉल्ट्झर आणि श्रोडर यांच्या यादीतही हे तत्त्व आहे: शक्य तेथे एका किल्लीने कुलूप उघडू नये, दोन लागाव्यात. आमच्या गडाला मात्र एकच किल्ली आहे आणि ती परगावी असते. असो.

आता मुख्य गोष्ट. रेडमाइनमध्ये टिपण खाजगी करता येते. ज्या भूमिकेला खाजगी टिपणे पाहण्याची मुभा आहे तिलाच ते दिसते, इतरांना ते तेथे आहे याचा पत्ताही लागत नाही. समन्वयक आणि सूचीकार यांना ही मुभा होती, सूचकाला नव्हती. एका नोंदीवर आमच्यातल्या एकांनी खाजगी टिपण लिहिले, की काकांच्या शंका फार होत आहेत, त्यांतल्या महत्त्वाच्या तेवढ्याच पाहाव्यात. मी ते वाचले होते. आणखी चौघांनी वाचले होते. त्यावर कोणी काही लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे त्यात काही वाटले नाही; साचलेल्या कामाविषयीची ती एक नेहमीची कुरकुर होती.

प्रत्येक टिपणाला प्रणाली क्रमांक देते. खाजगी टिपण ज्याला दिसत नाही त्यालाही पुढच्या टिपणाचा क्रमांक तोच दिसतो. म्हणजे काकांच्या पडद्यावर एक, दोन, तीन आणि त्यानंतर पाच अशी टिपणे होती. पृष्ठांक तुटला की पान गळाले हे ओळखण्यात ज्यांची चौतीस वर्षे गेली, त्यांच्या हे ध्यानात येणार नाही तर कोणाच्या? पुढच्या बैठकीत चहा झाल्यावर त्यांनी मला विचारले, "सर, त्या फाल्गुनाच्या अंकावरचे चौथे टिपण कुठे गेले?" आणि मग खिशातून कागद काढला. त्यावर अकरा ठिकाणे लिहिलेली होती.

कोणीही पटकन उत्तर दिले नाही. मग माझ्या सहकारी बाईंनी खाजगी टिपण म्हणजे काय ते त्यांना नीट समजावून सांगितले. त्यांनी ते सौम्यपणे आणि स्वच्छपणे सांगितले, आणि त्यांची बाजूही येथे नोंदवली पाहिजे, कारण ती कच्ची नव्हती. विद्यार्थ्यांच्या कामाविषयी बोलताना काही गोष्टी चारचौघांत बोलता येत नाहीत. एखाद्या मुलीने नोंदी कोठून तरी उतरवल्या आहेत असा संशय आला तर तो खात्री होण्याआधी सर्वांना दिसणे क्रूरपणाचे आहे. खाजगी जागा नसेल तर माणसे खरे बोलणे सोडून देतील आणि दूरध्वनीवर बोलतील, मग त्याची नोंदच राहणार नाही. हे मला पटले होते आणि आजही पटते.

काका म्हणाले, "बाई, मला दुरुस्तीची मुभा नाही याचे मला काही नाही. आयुष्यभर मी सूचकच होतो. खिळ्याला हात लावायचा नाही, समासात खूण करायची. बदल जुळारी करायचा. पण प्रूफ माझ्यासमोरून जायचे हो. माझ्या खुणेवर कोणी काय लिहिले ते मला दिसायचे."

हे ऐकेपर्यंत मी त्यांच्यावरचा अन्याय निराळ्या ठिकाणी आहे असे धरून चाललो होतो. आमच्यातल्या बहुतेकांचा समज तोच होता. बदलण्याचा हक्क हा मोठा आणि पाहण्याचा हक्क हा किरकोळ, अशी आपली उतरंड असते. तक्त्यातही पाहणे सर्वांत वर, सर्वांत स्वस्त म्हणून येते. ग्रंथव्यवहारात मात्र वाचू द्यावे पण लिहू देऊ नये ही जुनी आणि पुष्कळदा शहाणपणाची चाल आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि अखेरीस बजावून ठेवले की यापुढे जो कोणी यात आपली मराठी ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असे समजावे. पाहण्याची मुभा साऱ्या मराठी जगाला, बदलण्याची कोणालाही नाही, आणि ही आज्ञा लिहिणारा स्वतः मात्र नुकताच सबंध ग्रंथावर हात फिरवून उठलेला! एकनाथांच्या त्या आज्ञेविषयी कोणाला राग आल्याचे ऐकिवात नाही. बदलू न देणे सोसवते. आपल्याच खुणेवर काय ठरले ते न कळणे काकांना सोसवले नाही.

त्या बैठकीत दोन तास चर्चा झाली आणि शेवटी चौथी भूमिका निघाली. तिचे नाव 'मुद्रितशोधक'. हा शब्द काकांचाच, नोकरीतला. या भूमिकेला बाब बदलण्याची मुभा दिली, पण कोणकोणते रकाने बदलता येतील हे प्रणालीत भूमिकेनुसार ठरवता येते, त्याप्रमाणे अंकाची तारीख, नावांचे लेखन आणि पृष्ठांक एवढेच मोकळे ठेवले. लेखाचे वर्गीकरण आणि सारांश हे सूचीकारांकडेच राहिले. काढून टाकण्याची मुभा नाही. खाजगी टिपणे पाहण्याची आहे. वर्गीकरण बंद ठेवावे हा आग्रह काकांचाच होता, कारण निबंध कोणता आणि स्फुट कोणते याविषयी तुम्ही लोक भांडता ते मला कळत नाही, असे ते म्हणाले. टिपण खाजगी करण्याची मुभा मात्र यापुढे फक्त समन्वयकाला असावी असे ठरले. सहकारी बाई या शेवटच्या कलमाला तयार नव्हत्या आणि त्यांचा विरोध इतिवृत्तात आहे.

भूमिका बदलली की जुनी खाजगी टिपणेही दिसू लागतात. प्रणाली मागचे आणि पुढचे असा भेद करत नाही. त्या रात्री काकांनी ती अकराही वाचली असली पाहिजेत. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांच्याविषयीच्या त्या टिपणाखाली त्यांचे एक टिपण दिसले. त्यात एवढेच होते: 'महत्वाच्या' असे नव्हे, 'महत्त्वाच्या', दोन त.

साचलेल्या एकशे चाळीस बाबींपैकी नव्वदहून अधिक त्यांनी पुढच्या दोन महिन्यांत एकट्याने हातावेगळ्या केल्या.

हे २०२१च्या सुमाराचे. पुढे त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. पडद्यावरचे अक्षर मोठे करून करून एका वेळी एकच शब्द दिसू लागला, तेव्हा त्यांनी काम थांबवले. काही काळाने ज्या ठिकाणी आमची प्रणाली ठेवलेली आहे तेथून सूचना आली, की सहा महिने न वापरलेली खाती काढून टाकावीत; सुरक्षिततेच्या दृष्टीने हे आवश्यक आहे. सूचना योग्यच होती. न वापरलेले खाते म्हणजे कडी न लावलेले मागचे दार. आमचा माजी विद्यार्थी ते करायला बसला आणि त्याने मला दूरध्वनी केला. खाते काढून टाकले की त्या माणसाने घातलेल्या बाबी आणि जोडलेली टिपणे राहतात, पण त्यांवरचे नाव जाते. प्रणाली ती सगळी 'अनामिक' या नावावर चढवते. आणि जी कामे त्याच्याकडे सोपवलेली असतील ती कोणाकडेच सोपवलेली नाहीत अशी होतात. "सर, चालेल ना?"

मी त्याला थांबायला सांगितले. ज्या सूचीसाठी आम्ही इतकी वर्षे खपत आहोत तिचा निम्मा त्रास अनामिकांचाच आहे. 'एक वाचक', 'एक स्वदेशहितेच्छू', नुसती दोन अक्षरे, नुसती एक फुली. त्यांच्यामागची माणसे शोधण्यासाठी आम्ही पोच, वर्गणीदारांच्या याद्या, मृत्युलेख धुंडाळले आहेत. आणि अशा नोंदींतल्या आठदहा जणांची नावे काकांनी काढून दिलेली आहेत. त्या नावांखाली आता 'अनामिक' असे टिपण दिसणार होते.

सुदैवाने दुसरी वाट आहे. खाते काढून न टाकता त्याला कुलूप लावता येते. मग त्या नावाने कोणाला आत येता येत नाही, पण नाव जेथे जेथे आहे तेथे राहते. त्याने कुलूप लावले. सदस्यांच्या यादीतून काका गेले, नोंदींतून गेले नाहीत.

त्यांच्याकडे सोपवलेल्या सतरा बाबी उरल्या होत्या. बहुतेक तुटक्या टायपाच्या, ज्यांत अक्षर कोणते ते ठरत नाही. त्या घ्यायला कोणी तयार नव्हते. शेवटी एका विद्यार्थिनीने घेतल्या. ती आता नोकरीला लागली आहे, पण रविवारी वेळ काढते. ती पानाचे छायाचित्र पुढे ठेवते आणि काकांना दूरध्वनी करून अक्षराचे वर्णन करते: काका, वरची रेघ मध्येच तुटली आहे, काना आहे पण लांब नाही, खाली एक ठिपका आहे तो शाईचा असेल. ते विचारतात, मागच्या ओळीत असे कुठे आहे का? ती शोधते. असे अर्धा-पाऊण तास चालते, आणि मग ती टिपण जोडते. प्रणालीच्या हिशेबी ते टिपण तिचे आहे. लेखक म्हणून तिचे नाव, भूमिका सूचीकार. मजकुराची सुरुवात मात्र दर वेळी 'काका म्हणतात की' अशी होते. ज्ञानेश्वरीच्या शेवटी सच्चिदानंदबाबांना लेखक म्हटले आहे, ते याच अर्थाने.

मागच्या महिन्यात तिने मला विचारले की अशा टिपणांसाठी काकांचे नाव घालायला एक वेगळा रकाना करता येईल का. करता येतो. त्याला काय म्हणावे यावर आमचे अजून ठरलेले नाही. 'सांगणार' हा शब्द तिने सुचवला आहे, सहकारी बाई 'आधार' म्हणतात. सतरांपैकी नऊ बाबी बंद झाल्या आहेत.